छत्री नीट उघडली नाही तर? स्कायडायव्हिंग शिकायला निघालेल्या मुंबईकरांसाठी

मुंबईच्या आकाशात विमानांची इतकी वर्दळ असते की इथे स्कायडायव्हिंगला जागाच उरत नाही. ज्याला शिकायचं आहे तो बॅग भरून बाहेर पडतो. कुणी हरियाणात नारनौलला जातो, कुणी दुबईला, कुणी थायलंडला नाहीतर स्पेनला. निघण्याआधी घरात एक प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा तो आईच विचारते: "आणि ती उघडलीच नाही तर रे?"

प्रश्न रास्त आहे. "काही होत नाही गं" हे त्याचं उत्तर नव्हे. उत्तर असं आहे की पाठीवरच्या रिगमध्ये, म्हणजे पट्ट्यांनी अंगाला बांधलेल्या पिशवीत, दोन छत्र्या असतात, मेन आणि रिझर्व्ह. मेन बिघडली तर ती अंगापासून तोडून टाकायची (यालाच कटअवे म्हणतात) आणि रिझर्व्ह उघडायची. हे सगळं एका ठरलेल्या उंचीच्या वर उरकायचं. बिघाडातून सुखरूप उतरलेल्या उडीबाजांशी बोलताना मला पुन्हा पुन्हा हेच ऐकायला मिळालं: ज्यांनी उंची हातात असताना निर्णय घेतला त्यांची हकीकत दोन वाक्यांत संपते. लांबलचक, अंगावर काटा आणणाऱ्या हकीकती सांगतात ते बिघडलेली छत्री दुरुस्त करत बसलेले असतात. म्हणून या लेखात बिघाडांच्या नावांपेक्षा उंचीवर आणि हातांच्या सवयीवर जास्त भर आहे.

प्रत्येक रिगचे हँडल आणि प्रत्येक शाळेची पद्धत थोडी वेगळी असते. इथलं काही आणि तुमच्या इन्स्ट्रक्टरने शिकवलेलं काही यात फरक आढळला, तर इन्स्ट्रक्टरचं ऐका.

आधी नीट उघडणं ओळखा

बिघाड ओळखायचा तर सुरळीत क्रम डोक्यात पक्का हवा. रिगच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात पायलट शूट नावाची छोटी छत्री खोचलेली असते. ती काढून हवेत भिरकावली की वारा भरून ताणली जाते. तिला जोडलेली ब्रायडल नावाची पट्टी मेनच्या कप्प्याची पिन ओढते. कप्पा उघडतो, मेनची पिशवी वर जाते, दोऱ्या एकेक करून सुटतात आणि शेवटी पिशवीतून कापड बाहेर येतं. दोऱ्यांवर स्लायडर नावाचा चौकोनी तुकडा असतो. तो वाऱ्याच्या दाबाने हळूहळू खाली सरकतो, म्हणून छत्री एकदम फाडकन न उघडता दमाने उघडते. सगळं मिळून चारेक सेकंद.

हे घडत असताना मनात मोजा आणि वर बघा. मग स्वतःला तीन गोष्टी विचारा. छत्री आहे का? चौकोनी आणि भरलेली आहे का? माझं ऐकते का? तिसऱ्याचं उत्तर बघून मिळत नाही, करून मिळतं: ब्रेक, म्हणजे छत्री वळवायच्या आणि हळू करायच्या दोऱ्या, सोडवा, डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, दोन्ही ब्रेक पूर्ण खाली ओढून फ्लेअर करून, म्हणजे वेग मोडून बघा. तिन्ही उत्तरं "हो" असतील तर ती छत्री चांगली, मग कापडाला एखादं छोटं भोक दिसत असलं तरी.

उंचीचा हिशोब सह्याद्रीत मांडा

फुटांचे आकडे जमिनीवर पाठ होतात आणि हवेत पुसले जातात. म्हणून मी मुंबईकरांना ओळखीच्या उंचीशी गाठ घालून द्यायला सांगतो.

विद्यार्थ्याने मेन उघडायची उंची साधारण साडेपाच हजार फूट असते. कळसूबाई १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट. तेव्हा जमिनीवर कळसूबाई उभी आहे असं समजा आणि तिच्या माथ्यावर पायलट शूट टाका.

दुसरी उंची अडीच हजार फुटांची. अमेरिकेच्या स्कायडायव्हिंग संघटनेने विद्यार्थी आणि ए लायसन्सवाल्यांसाठी (हा पहिल्या पायरीचा परवाना) हीच निर्णयाची उंची ठरवली आहे. माथेरानचं पठार समुद्रसपाटीपासून जवळपास एवढंच उंच आहे. माथेरान आलं आणि हातात चांगली छत्री नाही, तर दुरुस्ती तिथेच बंद आणि कटअवे.

तिसरी एक हजार फुटांची, म्हणजे ३०५ मीटर. लोअर परळचा वर्ल्ड वन टॉवर २८० मीटर आहे, त्याच्या गच्चीच्या जरा वर. या उंचीच्या खाली मेन तोडायची नाही. काहीही वर असलं तरी ते तसंच ठेवून थेट रिझर्व्ह ओढायची, कारण मेन सोडल्यावर पुन्हा वेगाने पडायला आणि रिझर्व्ह उघडायला जी जागा लागते ती आता उरलेली नसते.

आता वेग. पोट खाली ठेवून पडताना सुरुवातीच्या दहा-बारा सेकंदांनंतर वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरवर स्थिरावतो. म्हणजे सेकंदाला सुमारे ५४ मीटर, दर साडेपाच सेकंदांना हजार फूट. राजाबाई टॉवरची पूर्ण उंची दोन सेकंदही घेत नाही. काहीच उघडलं नाही तर कळसूबाईपासून माथेरानपर्यंत तुमच्याकडे सोळा-सतरा सेकंद आहेत आणि माथेरानपासून जमिनीपर्यंत सुमारे चौदा. सोळा सेकंद हा शांतपणे दोन हँडल ओढायला भरपूर वेळ आहे. त्यात गोंधळून चार प्रयत्न करायला मात्र तो पुरत नाही.

आल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, उडीच्या जागी जमिनीवर शून्य केलेला असतो, समुद्रसपाटीवर नाही. एवढा फरक लक्षात ठेवून सह्याद्री वापरा.

काहीच बाहेर आलं नाही

पायलट शूटचं हँडल हाताला लागत नाही, किंवा लागतं पण निघत नाही. तळहाताने रिगचा तळ चाचपत कोपऱ्यापर्यंत जा, पुन्हा एकदा ओढा. दोन प्रयत्न झाले की पुढचं काम रिझर्व्ह. विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी अशा वेळीही आधी कटअवे आणि मग रिझर्व्ह असा एकच क्रम शिकवतात, म्हणजे घाईत निवड करावी लागत नाही.

पायलट शूट बाहेर आहे पण पिन ओढली जात नाही आणि तो मागे नुसता फरफटतोय, यावर जाणत्यांतही दोन मतं आहेत. काही म्हणतात थेट रिझर्व्ह ओढा, कारण कटअवेत सेकंद जातो. काही म्हणतात आधी कटअवे, कारण रिझर्व्ह उघडताना मेनही सुटली तर ती तुमच्या अंगाला बांधलेली नसावी. दोन्ही बाजूंना तर्क आहे. विमानात बसण्यापूर्वी तुमच्या शाळेची पद्धत विचारून एक पक्की करा. पडता पडता हा वाद मिटवता येत नाही.

या बिघाडाचं एक कारण अगदी साधं असतं. बरेच पायलट शूट उघडल्यावर आपोआप मिटणारे असतात आणि पॅकिंग करताना ते पुन्हा ताणून तयार ठेवावे लागतात. ब्रायडलवरच्या छोट्या खिडकीत रंग दिसला की तयार. हे बघायला दोन सेकंद लागतात.

बाहेर आलं, पण छत्री झाली नाही

दोऱ्या ताणल्या गेल्या पण पिशवीच उघडली नाही. कापड बाहेर आलं पण वळकटीसारखं फडफडत राहिलं. एखादी दोरी कापडावरून गेली आणि छत्रीचे दोन गोळे झाले. दोऱ्यांना गाठ बसून छत्री एका बाजूला गरगर फिरायला लागली. यात नाव ओळखत बसू नका. वेगाने पडताय किंवा वेगाने फिरताय, एवढं कळलं की पुरे. कटअवे, रिझर्व्ह.

यातला सर्वांत वाईट प्रकार घोड्याच्या नालेचा. कप्पा आधीच उघडून मेनची पिशवी बाहेर येते, पण पायलट शूट अजून खोचलेलाच किंवा हातापायात अडकलेला असतो, आणि दोऱ्यांचा फास तुमच्या अंगाभोवती राहतो. पायलट शूट टाकता आला तर टाका, मग लगेच कटअवे आणि रिझर्व्ह. ही वेळ येते ती बहुधा सैल पडलेल्या किंवा झिजलेल्या, कप्पा बंद ठेवणाऱ्या क्लोजिंग लूपमुळे. तो काही इंचांचा दोरा असतो आणि तो तुम्ही जमिनीवर बदलू शकता.

छत्री आहे, पण रुसलेली

अनुभवी लोकांच्या जवळपास सगळ्या गोष्टी या गटातल्या असतात, आणि वेळ वाया जातो तोही इथेच.

लाइन ट्विस्ट, म्हणजे दोऱ्यांना पीळ, हा सर्वांत सामान्य. पिळाच्या खाली दोन्ही रायझर, म्हणजे दोऱ्यांना खांद्याशी जोडणारे पट्टे, हातांनी बाहेरच्या बाजूला ताणा आणि पीळ सुटेल त्या दिशेने पाय मारत अंग फिरवा. पीळ पूर्ण सुटेपर्यंत ब्रेक सोडू नका. शिकाऊच्या मोठ्या छत्रीत हे बहुतेकदा निभावतं, कारण मोठी छत्री पीळ असतानाही सरळ उडत राहते. लहान, चपळ छत्रीवर पीळ पडला तर ती एका बाजूला कलून गोल फिरत खाली झेपावते. माझा कटअवे असाच झाला. पीळ सोडवायला पाय मारत होतो आणि प्रत्येक फेरीला पाय बाहेर फेकले जात होते, क्षितिज डोळ्यांपुढून फिरत होतं. आल्टिमीटर पाहिला तेव्हा माथेरान अजून खाली होतं. हात खाली आणले, कटअवेचं लाल हँडल डोळ्यांनी बघितलं आणि ओढलं. त्यानंतरची शांतता आजही कानात आहे. सगळा गोंगाट एका क्षणात थांबतो, पुन्हा पोटात गोळा येतो आणि मग रिझर्व्ह उघडल्याचा हिसका.

स्लायडर वरच अडकला तर दोन्ही ब्रेक पूर्ण खाली ओढून धरा आणि सोडा. छत्रीच्या कापडाचे कडेचे कप्पे मिटलेले राहिले तर तेच करा. एकाच बाजूचा ब्रेक सुटून छत्री वळत असेल तर दुसरा ब्रेकही सोडा. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम भागतं. कुठल्याही दुरुस्तीला दोन प्रयत्न द्या आणि प्रत्येक प्रयत्नानंतर आल्टिमीटर बघा.

"अजून एकदा बघतो" हा विचार कुठून येतो, हे मी अनेकांना विचारलं आहे. डोक्यावर कापड दिसत असताना ते सोडून द्यायला मन धजत नाही. छत्री स्वतः पॅक केलेली असते. हरवलेल्या मेनचा आणि रिझर्व्ह पुन्हा पॅक करण्याचा खर्च डोळ्यांपुढे येतो. काहींना ड्रॉपझोनवर, म्हणजे उडीच्या मैदानावर, लोक काय म्हणतील याची लाज वाटते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि म्हणूनच त्यांच्याशी हवेत भांडायचं नाही. माथेरान आलं की हात हलले पाहिजेत, एवढा करार विमानात चढण्याआधीच स्वतःशी झालेला हवा.

हातांचा क्रम

बहुतेक रिगवर उजव्या छातीशी मऊ, गादीसारखं कटअवे हँडल असतं, पुष्कळदा लाल. डाव्या बाजूला रिझर्व्हचं, धातूची कडी किंवा तसंच मऊ.

१. छाती पुढे काढून कमान करा. पीळ किंवा गिरकी असेल तर जमेल तेवढी.

२. लाल हँडलकडे बघा आणि धरा. मग रिझर्व्ह हँडलकडे बघा आणि धरा. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधलेले पट्टे, वर सरकला की हँडल नेहमीच्या जागी नसतं, म्हणून डोळ्यांनी बघणं टाळू नका. हात लाल हँडल समजून रायझरवर गेल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत.

३. लाल हँडल आधी वेलक्रोतून सोलून काढा आणि हात पूर्ण ताणून खाली ओढा. अर्धवट ओढलं तर एकच रायझर सुटायचा धोका असतो.

४. रिझर्व्ह हँडल पूर्ण ओढा. पुन्हा कमान.

५. वर बघा, मोजा, रिझर्व्हचे ब्रेक सोडवून वळवून बघा.

काही शाळा प्रत्येक हँडलला एक हात शिकवतात, काही दोन्ही हात एकाच हँडलवर. जी शिकवली तीच घ्या.

रिगमध्ये या क्रमाला हातभार लावणारी साधनं असतात. सत्तरच्या दशकात बिल बूथ यांनी तयार केलेली तीन कड्यांची जोडणी आज जवळपास प्रत्येक रिगवर आहे. एका हाताच्या ओढीत दोन्ही रायझर सुटतात ते तिच्यामुळे. आरएसएल नावाची पट्टी मेन सुटताच रिझर्व्हची पिन ओढते. ती असली तरी रिझर्व्ह हँडल स्वतः ओढा. १९९१ साली जर्मनीत बाजारात आलेलं सायप्रेस हे यंत्र उंची आणि वेग मोजून, तुमचा हात पोचला नाही तर रिझर्व्ह उघडतं. त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ते सुमारे २२५ मीटरवर आणि वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल तरच चालतं. २२५ मीटर म्हणजे वर्ल्ड वनच्या गच्चीच्याही खाली. आणि अर्धवट उघडलेल्या छत्रीखाली तुमचा वेग त्या मर्यादेच्या आत असू शकतो. मग यंत्राच्या दृष्टीने सगळं ठीक असतं आणि ते गप्प राहतं. मेन तोडण्याचं काम ते करतच नाही.

कामशेतला पॅराग्लायडिंग शिकून आलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथे रिझर्व्ह हाताने बाजूला फेकता आणि मुख्य पंख तोडत नाही. ती सवय हातात मुरलेली असते. स्कायडायव्हिंगमध्ये फिरणाऱ्या मेनवर रिझर्व्ह उघडली तर दोन्ही एकमेकींत गुंतू शकतात. पॅराग्लायडिंगवाल्यांनी घरचा सराव इतरांपेक्षा दुप्पट करावा.

दोन्ही छत्र्या एकदम उघडल्या तर

हे खालच्या उंचीवर मेन उघडल्यावर यंत्रानेही रिझर्व्ह सोडली तर होतं. एकीमागे एक उभ्या असतील तर काही तोडू नका, ब्रेक बांधलेलेच ठेवून पुढच्या छत्रीला रायझरने अगदी हलकं वळण देत उतरा. शेजारी शेजारी असतील आणि शांत असतील तर मोठ्या छत्रीला रायझरने अलगद बाहेर नेत उतरा. कुठेही गुंतलेल्या नाहीत याची खात्री असेल तर मेन तोडण्याचा पर्यायही काही शाळा शिकवतात. दोन्ही एकमेकींपासून दूर जात जमिनीकडे झेपावल्या तर मेन ताबडतोब तोडा.

घरी, गच्चीवर, लोकलमध्ये

सराव मुंबईत फुकट होतो. जुनी सॅक घ्या, दादरला शिवणसामानाच्या दुकानातून वेलक्रो आणा. पट्ट्यांवर उजवीकडे लाल कापडाची छोटी उशी आणि डावीकडे एक कडी लावा. आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणत क्रम करा: "लाल बघ, लाल धर, कडी बघ, कडी धर, लाल ओढ, कडी ओढ." पाठ झालं की जिममध्ये बारला लटकून पाय हवेत असताना करा, कारण लटकताना खांदे वर जातात आणि हँडल सापडायची जागा बदलते. कुणाला तरी तुमची सॅक धरून गोल फिरवायला सांगा आणि त्याने मध्येच "ट्विस्ट" किंवा "काहीच नाही" असं ओरडावं. थकलेले असतानाही करा. कमान जमत नसेल तर मल्लखांबवाल्या मित्राला विचारा, त्याला ती पाठीतूनच येते.

लोकलमध्ये हात हलवायची गरज नाही. दादरहून अंधेरीची स्लो पकडली की प्रत्येक स्टेशनला एक प्रसंग घ्या. माटुंगा रोडला पायलट शूट सापडत नाही. माहीमला पीळ. वांद्र्याला छत्री फिरतेय आणि उंची तीन हजार. खारला हजाराच्या खाली. पुढचं स्टेशन येईपर्यंत मनात पूर्ण क्रम करा, उंचीचा आकडा आणि हातांची जागा यांच्यासकट.

स्वतःची रिग असेल तर पावसाळ्याचा विचार करा

मुंबईकरांची रिग जून ते सप्टेंबर कपाटात पडून असते, आणि आपली दमट, खारी हवा तिला मानवत नाही. रिग माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. दोऱ्या बांधायचे रबर चिकट होतात, ते सीझनआधी सगळे बदला. तीन कड्यांची जोडणी महिन्याला एकदा सोडवून रायझरच्या पट्ट्या हाताने वाकवून मऊ करा, नाहीतर पट्टी त्याच आकारात घट्ट बसते आणि कटअवेला हँडल जड जातं. कटअवेच्या केबल पुसून घ्या. धातूवर गंज दिसला तर स्वतः घासू नका, रिगरला, म्हणजे छत्र्या पॅक आणि दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला, दाखवा. रिझर्व्ह कायम परवानाधारक रिगरनेच पॅक करायची. अमेरिकेत त्याची मुदत १८० दिवस आहे. तुम्ही जाल त्या देशाची मुदत आधी विचारा.

उडीच्या दिवशी विमानात चढण्याआधी आणि उडी मारण्याआधी: तिन्ही कड्यांची जोडणी, तिन्ही पट्टे (छातीचा आणि मांड्यांचे दोन), तिन्ही हँडल. मागची पिन दुसऱ्याकडून बघून घ्या. जॅकेटची उघडी चेन किंवा ओढणी हँडलवर येता कामा नये. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली होती. अशा उडीत साडीचा एकेक पदर हार्नेस आणि हँडलच्या हिशोबाने बसवावा लागतो. हौसेने काही वेगळं घालायचं असेल तर ते आधी इन्स्ट्रक्टरला दाखवा.

टँडमने, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून जाणार असाल तर यातलं काहीही तुम्हाला करायचं नसतं. कमान ठेवा, सांगेपर्यंत हात हार्नेसवर ठेवा, घाबरलात तरी त्याचे हात किंवा कुठलंही हँडल पकडू नका, आणि उतरताना सांगितल्यावर पाय उचलून धरा. बुकिंग करताना रिझर्व्हची पॅकिंग तारीख आणि आपोआप उघडणारं यंत्र आहे का, हे बेधडक विचारा. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा कुणी राग धरत नाही.

रिझर्व्हखाली आल्यावर

आधी उतरायला मोकळी जागा शोधा. तुटलेली मेन कुठे तरंगत गेली ते सहज दिसलं तर लक्षात ठेवा, तिच्या मागे उडत जाऊ नका. रिझर्व्ह तुमच्या ओळखीची छत्री नाही, म्हणून वळणं हलकी घ्या आणि टेकताना पाय जोडून, पावलं, पोटरी, मांडी, कंबर, पाठ या क्रमाने अंग जमिनीला देत लोळा.

मेन सापडली की दोऱ्या सोडवू नका, जशी आहे तशी पिशवीत भरून रिगरपुढे ठेवा. गाठ कशी पडली ते त्याला तिथेच दिसतं. लॉगबुकात त्याच संध्याकाळी तीन उंची लिहा: बिघाड कळला तेव्हाची, हँडलला हात लावला तेव्हाची, रिझर्व्ह पूर्ण उघडली तेव्हाची. पहिल्या दोन आकड्यांत फार अंतर असेल तर पुढच्या उडीआधी इन्स्ट्रक्टरसोबत हार्नेसमध्ये लटकून पुन्हा सराव करा. आणि प्रवास विमा घेतला असेल तर त्यात साहसी खेळ धरले आहेत का, हे मुंबई सोडण्यापूर्वीच पॉलिसीत वाचून घ्या. अनेक पॉलिसींत ते वगळलेले असतात आणि वेगळा हप्ता भरून जोडून घ्यावे लागतात.